युखिमच्या फेदला पडलेलं भोक

युखिम माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की मकार भावाची टिमकी वाजवतोय. वाजवतोयच. का वाजवू नये? आमच्या अख्ख्या क्रिवा बाल्कात, आणि मी तर म्हणतो पार दोनेत्स्कपर्यंत, जुने सोव्हिएत कॅमेरे त्याच्याइतके कुणाला कळत नाहीत. असतील एखाद्याकडं काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले, भाव आला की विकायला. युखिमकडचे चालतात. त्याच्या खोलीत गेलात तर पलंगाच्या वरच्या फळीवर ओळीनं सगळे बसलेले दिसतील. झोर्की, कीव, हातोड्यासारखा जड झेनित, वरून डोकं वाकवून बघायचा ल्युबितेल. आणि त्यातला प्रत्येक महिन्यातून एकदा तरी गळ्यात अडकवून फिरायला नेणार. का, तर म्हणे पडून राहिला की आतलं तेल घट्ट होतं आणि त्याला वाईट वाटतं. तेलाला की कॅमेऱ्याला, ते त्यालाच माहीत.

मी शाळा सातवीतच सोडली आणि वय भरल्या भरल्या खाणीत उतरलो. कोळसा मी असा काढलाय की माझं नाव फळ्यावर लागायचं. युखिमची छाती लहानपणापासून कच्ची, म्हणून त्याला खाली कधी सोडलं नाही. तो वरच, दिव्यांच्या खोलीत. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून दिवा द्यायचा, त्याचा बिल्ला घेऊन खुंटीला लावायचा, पाळी सुटली की दिवा परत घेऊन बिल्ला द्यायचा. लोक म्हणायचे, मकार राक्षस आणि भाऊ बघा कसा, बायकांचं काम करतोय. एकदा एकानं माझ्यासमोर म्हटलं. परत म्हटलं नाही.

लग्न केलं नाही त्यानं. आम्ही एकाच अंगणात राहतो, मी आणि माझी बायको पुढच्या घरात, तो मागच्या दोन खोल्यांत. त्याची न्हाणी म्हणजे डार्करूम. टबावर फळी, फळीवर तीन ताटल्या, खिडकीला काळं कापड. अंघोळीला माझ्याकडं येतो.

सगळ्या कॅमेऱ्यांत त्याचा जीव एकावर. आमच्या बापाचा फेद. खाणीनं त्या काळी ठरल्यापेक्षा जास्त कोळसा काढणाऱ्यांना क्लबात बोलावून, टाळ्या वाजवून तो दिला होता. अर्ध्या गल्लीला मिळाला होता. बाकीच्यांनी विकले, पोरांना खेळायला दिले, दारूपायी घालवले. आमच्या बापाचा फेद मात्र अजून घड्याळासारखा चालतो, आणि तो चालतो युखिममुळं.

आता फेदचं एक आहे. त्याच्या शटरचा पडदा कापडाचा, काळं रबर लावलेलं कापड. भिंगावरचं झाकण काढून कॅमेरा उन्हाकडं तोंड करून ठेवला, तर भिंग आपलं काम करतं. पोरं भिंगानं कागद जाळतात ना, तसंच. पडद्याला टाचणीएवढं भोक पडतं आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा गोल डाग. बरं, बघायची खिडकी वेगळी, भिंगातून काही दिसत नाही, त्यामुळं झाकण राहिलं तरी कळत नाही आणि अख्खा रोल काळा. म्हणून फेदवाल्यांत मूर्ख दोन तऱ्हेचे, झाकण काढायला विसरणारे आणि लावायला विसरणारे. युखिम दोन्हींतला नव्हता. त्याच्या हाताला सवयच होती. फोटो घेतला की झाकण, बोलता बोलता, न बघता.

आमच्याकडं माणूस गेलं की अंगणात स्टुलांवर पेटी ठेवतात आणि घरचे भोवती उभे राहतात, फोटोसाठी. पेटीचा फोटो मोबाईलवर काढणं लोकांना बरं वाटत नाही. मोबाईलमध्ये वाढदिवस असतात, मांजरी असतात. त्यामुळं गल्लीत कुणी गेलं की युखिमला निरोप यायचा, आणि तो काळा कोट घालून बापाचा फेद घेऊन जायचा. त्याचे काळेपांढरे फोटो आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात आहेत.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आमच्या खाणीत आग लागली.

सकाळच्या पाळीला समोरच्या क्लावा काकूचा ओस्ताप दिव्यासाठी खिडकीपाशी आला होता. काकूचं शेंडेफळ, तिशीचा, हसरा. युखिमला काका म्हणायचा.

"युखिम काका, आज धड दिवा दे हां. कालचा आपल्या इतिहासाच्या मास्तरासारखा होता, मधेच डुलकी काढायचा."

"दिवा धड आहे. डोकं तपासून घे तुझं," युखिम म्हणाला.

"डोकं आईकडं ठेवून आलोय, हरवेल म्हणून."

एवढंच. दिवा घेतला, बिल्ला दिला, गेला. दुपारी भोंगा वाजला. ओस्ताप आणि त्याच्याबरोबरचे चौघे आगीच्या पलीकडं अडकले. बचाववाले दोनदा आत गेले, दोनदा भाजून परत आले. आग बाकीच्या खाणीत पसरू नये म्हणून तिसऱ्या दिवशी तो बोगदाच विटांची भिंत घालून बंद केला. आतले आत. युखिमच्या खुंट्यांवर पाच बिल्ले तसेच राहिले. साहेबांनी ते उतरवायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, तुम्हीच उतरवा. माझा भाऊ साहेबाला असं बोलला. मला त्या दिवशीही अभिमान वाटला.

पुरायला काही नव्हतं, तरी पेट्या आल्याच. क्लावा काकूनं ओस्तापचा निळा सूट इस्त्री करून पेटीत ठेवला, वर बूट, आणि झाकण ठोकून घेतलं.

युखिम फेद घेऊन अंगणात आला. ऊन रणरणत होतं. त्यानं झाकण काढलं, उजेडाचा अंदाज घेतला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, उचलायला माणूस कमी आहे, पेटी खोलीतून अंगणात आणायचीय. त्यानं कॅमेरा बाकावर ठेवला आणि धावला. मीही होतो खांदा द्यायला. आम्ही चौघांनी दम भरून पेटी उचलली आणि चौघंही मागं झोकांडलो, कारण वजनच नव्हतं. रिकाम्या सुटकेसला दम लावावा तसं झालं. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. क्लावा काकू दारात उभी होती. तिनं बघितलं.

बाकावर कॅमेरा पाठ टेकून पडला होता, भिंग उन्हाकडं.

दोन दिवसांनी युखिमनं रोल धुतला, फोटो काढले, वाळायला दोरीवर लावले. पेटी, भोवती काकू, तिची मुलगी राईसा, नातेवाईक. आणि डावीकडं वर, माणसांच्या डोक्यांच्या रांगेत जिथं थोडी जागा होती तिथं, पांढरा गोल डाग. मऊ कडांचा, दिव्यासारखा. युखिमला बघताक्षणी कळलं. त्यानं कॅमेरा उघडून बल्बसमोर धरला आणि पडद्यात टाचणीएवढा उजेड दिसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बापाच्या कॅमेऱ्यासमोर शिवी दिली. स्वतःला.

फोटोवरचा डाग बारीक ब्रशनं, शाईनं भरून काढता येतो. तो ते करायलाच बसला होता, तर क्लावा काकू स्वतःच आली. दोरीखाली उभी राहून तिनं फोटो बघितला. बोट नेलं डागापाशी, टेकवलं नाही.

"काकू, ते काय आहे की..."

"बोलू नकोस."

"नाही, मी म्हणतो..."

"युखिम, मी म्हटलं ना, बोलू नकोस. हा दे मला. असाच दे."

आणि घेऊन गेली.

आता आमची गल्ली तुम्हाला माहीत नाही. शेजारच्या झिनानं काकूच्या घरी तो फोटो बघितला आणि दिवेलागणीपर्यंत पाण्याच्या नळावर एकच विषय. ओस्ताप आलाय फोटोत. पेटीत नाही, पेटीवर. भिंत घाला नाहीतर काही घाला, आत्मा चाळीस दिवस इथंच असतो, पाद्रीच सांगतो. बायका मेणबत्त्या घेऊन काकूकडं फोटो बघायला यायला लागल्या. मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, काय हो मकार, तुमच्या भावाच्या कॅमेऱ्याला दिसतं म्हणे? मी काय नाही म्हणणार? मी म्हणायचो, दिसतं तर. बापाचा कॅमेरा आहे. त्याला काय काय दिसतं ते तुम्हाला झेपायचं नाही.

नवव्या दिवशी काकूनं युखिमला कबरीवर बोलावलं. "तोच आण. बापाचा."

मग दर रविवारी. कबरीवर, अंगणात, ओस्तापच्या खोलीच्या दारात. ती उभी राहायची आणि दर वेळी विचारायची, "झाकण काढलंस?"

"काढलं, काकू."

"थांब मग जरा." आणि रुमालाची गाठ सोडायची, परत बांधायची, स्कर्ट झटकायची, वेळ काढायची. युखिमला वाटायचं, म्हातारी नटतेय, मुलाला दाखवायला.  आणि भोकाचं असं असतं की शटर ताणून झाकण उघडं ठेवून जितका वेळ थांबाल तितका डाग ठळक. तिच्या उशिरामुळं डाग आणखीच झगझगीत यायचा. तो मनात म्हणायचा, मी एका आईला फसवतोय. तिचा मुलगा भिंतीपलीकडं आणि मी तिला दर रविवारी एक भोक नेऊन देतोय.

सप्टेंबरच्या शेवटी राईसा पोल्तावाहून पुन्हा आली. आईला न्यायला. युखिमच्या खोलीत येऊन उभी राहिली, बसली पण नाही.

"युखिम काका, आई उशीखाली फोटो घेऊन झोपते. चल म्हटलं तर म्हणते, चाळिसाव्यापर्यंत हलणार नाही. आणि फोटोत तो आहे तोवर पुढंही नाही. इथं हिवाळ्यात कशी राहील ती एकटी? पाय बघितलेत तिचे? कोळसा कोण आणून देणार?"

"मी देईन."

"ते नाही म्हणत मी. मला खरं सांगा, काय आहे ते? तो डाग."

युखिमनं सांगितलं. कॅमेरा उघडून भोक दाखवलं.

राईसानं त्या टाचणीएवढ्या उजेडाला डोळा लावला. "मग सांगा ना तिला!"

"तू सांग."

"मी? माझ्याच्यानं नाही होणार."

"माझ्याच्यानं होईल असं वाटतं तुला? तिनं मला पहिल्याच दिवशी बोलू दिलं नाही."

तिथं ते ठरलं. चाळिसाव्या दिवशी आत्मा जातो, हे तर सगळेच मानतात. तर त्या दिवशी डागही गेलेला असू दे. काकू म्हणेल, गेला माझा पोरगा, सुखानं गेला, आणि मुलीबरोबर जाईल. कुणाला काही सांगावं लागणार नाही. खोटंही बोलावं लागणार नाही. युखिमला वाटलं, वाट सापडली.

मला त्यानं सांगितलं तेव्हा मी चिडलो. "अरे बुजगावण्या, गल्ली तुला मान देतेय पहिल्यांदा! खाणीतला सुद्धा असा मान कुणाला मिळाला नाही."

"मान मला नाही, भोकाला आहे."

"मग भोक कुणाचं आहे? आपल्याच बापाच्या कॅमेऱ्याचं ना?"

तो हसला नाही. "मकार, खोटं होतंय ते. मला झोप लागत नाही."

दोन पावसाळी दुपारी तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी काम करत बसला. भोकावर रबराचा ठिपका लावून भागलं असतं, पण तिथं कापड कडक होतं, पडदा अडकत चालतो, आणि युखिमला अर्धवट काम चालत नाही. त्यानं सुट्या भागांसाठी ठेवलेला एक मेलेला फेद फोडला, त्याचा पडदा काढला, बापाच्या फेदमध्ये बसवला. बशीत स्क्रू, डाळीच्या दाण्यापेक्षा लहान. रुळावरची स्प्रिंग किती आवळायची ते तो कानानं ठरवतो, शटरचा आवाज ऐकून. दुसरा कुणी आणा, कीवचा आणा, हे करून दाखवेल तर मी त्याचे पाय धुवीन. जुना पडदा त्यानं गुंडाळून चुलीत टाकला. घरभर जळक्या रबराचा वास सुटला, माझी बायको ओरडत आली.

चाळिसावा दिवस ऑक्टोबरचा, थंड, करडा. क्लावा काकूकडं जेवण. मधातले उकडलेले गहू, बोर्श, घावन, फळांचं घट्ट सार. टेबलावर ओस्तापच्या नावाचा पेला, व्होडकानं भरलेला, वर राईच्या पावाचा तुकडा.

जेवणं झाल्यावर काकू उठली. "आता सगळ्यांचा एक फोटो. बसा जागेवर. नाही, तू तिकडं. झिना, तू उभी राहा मागं, तुझं डोकं मधे येतं."

ओस्तापची खुर्ची तिनं भिंतीकडून ओढून आणली. त्याचीच, पाठीला तडा गेलेली. ती टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवली, थोडी मागं, मग थोडी पुढं. कुणाला तिच्याशेजारी बसू दिलं नाही. समोर तो पेला सरकवला. मग युखिमपाशी आली, त्याला खांद्याला धरून चुलीपाशी नेलं.

"इथं उभा राहा. एक पाऊल मागं. कॅमेरा असा धर. आणखी वर नको."

"काकू, मी काढतो ना बरोबर."

"तुला काय कळतंय. असा धर." ती त्याच्या पाठीमागून वाकून बघत होती, कॅमेरा कुठं तोंड करतोय ते.  राईसानं युखिमकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मग काकू जाऊन बसली, त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वर, खांद्याच्या उंचीला.

"झाकण काढलंस?"

"काढलं, काकू."

"ताणलंस?"

"ताणलं."

"मग थांब आता. सगळे थांबा. हलू नका."

आम्ही थांबलो. इतका वेळ की झिनाला खोकला आला. चुलीतलं लाकूड कोसळलं. काकू सरळ भिंगात बघत होती आणि हसत होती. खोटं नाही सांगत, हसत होती.

"आता घे."

शटर वाजलं. नवा पडदा. छान वाजला.

युखिमनं त्याच दुपारी रोल धुतला. राईसा म्हणाली होती, लवकर द्या, म्हणजे आई मन तयार करेल. रोल चुलीपाशी वाळवला आणि अंधार पडायच्या सुमाराला न्हाणीत शिरला. लाल बल्ब लावला. कागद ताटलीत टाकला. आधी काळं येतं. काकूचा रुमाल, पुरुषांचे कोट. मग टेबल, पेला. मग चेहरे. मग खुर्चीची तडा गेलेली पाठ, तिच्यावर काकूचा हात. आणि हाताच्या वर, जिथं बसलेल्या माणसाचं डोकं आलं असतं तिथं, भिंत. नुसती भिंत.

त्यानं स्वतःकडं ठेवलेले आधीचे फोटो बाहेर काढले. पेटीचा, नवव्या दिवसाचा, रविवारचे. शेजारी शेजारी ठेवले. डाग प्रत्येकात त्याच जागी, डावीकडं वर. त्यानं त्या जागेवर बोट ठेवलं आणि तेच बोट नव्या फोटोवर नेलं. खुर्चीच्या बरोबर वर. खांद्याच्या वर. डोक्याच्या जागी.

तो टबाच्या कडेवर बसला. हे त्यानंच मला सांगितलं, तोडून तोडून. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

मी बाहेरून दार वाजवलं. त्यानं उघडलं, फोटो दाखवला, सांगितलं. मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मी म्हटलं, "सोपं आहे! कागदावर एक बटण ठेव आणि परत काढ. उजेड पडला नाही की गोल पांढरा डाग येईल. तूच मला शिकवलंयस."

त्यानं खरंच कोटाचं बटण तोडलं. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरखाली कागद ठेवला. बटण हातात धरून उभा राहिला. मी बघत होतो. मग त्यानं बटण खिशात टाकलं.

"काय झालं?"

"ते बटण असेल, मकार."

"आणि आधी काय होतं? भोकच ना!"

"भोक होतं. मी केलेलं नव्हतं."

हट्टी. बापावर गेलाय. तो आहे तसा फोटो घेऊन समोरच्या घरी गेला.

काकू खिडकीपाशी बसली होती. राईसा आतल्या खोलीत सामान बांधत होती. काकूनं फोटो घेतला, दिव्याखाली धरला.  मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पडदा बदललास होय रे."

 "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे, माझ्या नवऱ्याला, स्तेपानला पण फेद मिळाला होता, तुझ्या बापाबरोबर, त्याच दिवशी. बेर्द्यान्स्कला समुद्रावर पिऊन झोपला, कॅमेरा वाळूत उघडा. त्यानंतर आमच्या सगळ्या फोटोंत भरदुपारी चंद्र. राईसाच्या लहानपणच्या प्रत्येक फोटोत आहे. मी काय खुळी वाटले तुला?"

"मग त्या बायका... मेणबत्त्या..."

"येऊ दे त्यांना. त्यांच्या रडण्यानं माझं काय जातंय."

"काकू, मला वाटलं, मी तुम्हाला फसवतोय."

"म्हणून तर बोलू नकोस म्हटलं होतं. तू बोलला असतास की मग मला मागता आलं नसतं." तिनं फोटो मांडीवर ठेवला, त्याच्यावर हात फिरवला. "पेटी तू उचललीस ना? मग तुला माहीतच आहे आत काय होतं. सूट. तोही मीच इस्त्री केलेला. पेटीत कुणी नाही, कबरीत कुणी नाही. म्हटलं, एका फोटोत तरी बसेल माझ्याशेजारी. सगळ्यांबरोबर, जेवून. तेवढं जमवलं होतं मी. जागा पण मोजून ठेवली होती."

युखिमनं टेबलापाशीच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

"छान आलाय," काकू म्हणाली. "सगळे किती स्वच्छ दिसतायत. झिना पण." मग आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "राईसा, ती लोकरीची रजई पण घे गं. उद्या सकाळच्या बसनंच जाऊ. आता काय थांबायचंय."

युखिम घरी आला, सरळ मागच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर तो अंगणात. स्टूल टाकून बसलेला, अंगावर नुसता स्वेटर, गुडघ्यांवर बापाचा फेद. झाकण काढलेलं. भिंग पूर्वेकडं, खाणीतून काढून टाकलेल्या दगडांच्या काळ्या डोंगराच्या वर, जिथून सूर्य येतो तिकडं. वर बघितलं तर आभाळ पांढरंफटक, धुकं डोंगराच्या अर्ध्यावर उतरलेलं.

"काय चाललंय?"

"ऊन येऊ दे. मिनिटभर पुरे. ओस्तापची खुर्ची अजून टेबलापाशीच आहे, मी खिडकीतून बघितली. पाच मिनिटांचं काम. बसच्या आधी होईल."

"अरे, घरात सुई आहे! घे आणि टोच."

"सुईनं मी पाडलेलं असेल."

"आणि हे कोण पाडतंय, माझा आजा?"

"हे ऊन बघेल. मी नुसता धरून बसतो."

मला ओरडावंसं वाटलं. पण मी आत गेलो, माझा मोठा कोट आणला आणि त्याच्या खांद्यांवर टाकला. त्याची छाती कच्ची. मग मीही बाजूला उभा राहिलो. दोघंही वर बघत होतो. समोरच्या दारातून राईसा एक एक गाठोडं बाहेर आणून ठेवत होती. एकदा ढगाच्या मागं जरा उजळ झालं, युखिमनं कॅमेरा उचलला, दोन्ही हातांत, तिकडं धरला.  उजळलेलं ते परत मावळलं.

काकू बाहेर आली. काळा रुमाल, हातात पिशवी. दाराला कुलूप लावलं, किल्ली झिनाकडं दिली. आमच्या अंगणाकडं बघितलं. युखिम स्टुलावर कॅमेरा आभाळाकडं धरून बसला होता, ते तिनं बघितलं. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं मान हलवली, जशी रस्त्यात भेटल्यावर हलवतात तशी, आणि राईसाचा हात धरून नाक्याकडं चालायला लागली.

बस आली, थांबली, गेली. आवाज डोंगरापलीकडं जाईपर्यंत युखिम तसाच बसून होता. धुकं हललं नव्हतं.

मग त्यानं फेद खाली घेतला आणि झाकण लावलं.